सगळे गुडघ्याकडे वळतात, लेक हाताकडे वळतेय

प्रश्न : मुलगी धुळ्याला सरकारी कॉलेजात एम.एस. ऑर्थोच्या (हाडांच्या शस्त्रक्रियेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे हाताच्या शस्त्रक्रियेचंच शिकायचं म्हणते. ओळखीचे डॉक्टर सांगतात, गुडघे बदलायला शिका, त्यात पैसा आहे. हातासाठी वेगळा डॉक्टर जळगावात कोण शोधतो? अजून दोन वर्षं घालवावीत का?
– एक शेतकरी वडील, चोपडा तालुका

नमस्कार भाऊसाहेब,

तुमचं पत्र वाचलं आणि माझे मामा आठवले. कडबाकुट्टीत चारा सारताना त्यांचा उजवा पंजा आत गेला. जवळच्या दवाखान्यात वरची कातडी शिवली, जखम भरली, घरच्यांना वाटलं निभावलं. पण बोट वाकवणारी दोरी, जिला डॉक्टर टेंडन म्हणतात, ती आत तुटलेलीच राहिली. पुढे कित्येक वर्षं मामी ताटात भाकरी कुस्करून द्यायची, कारण मामांना तुकडा मोडता येत नसे.

हाताचा डॉक्टर कोणी शोधत नाही, कारण असा डॉक्टर असतो हेच आपल्याकडे ठाऊक नाही. गरज मात्र कुट्टीपाशी, मळणी यंत्रापाशी, जिनिंगमध्ये, डाळमिलमध्ये रोज उभी आहे. संक्रांतीच्या मांजाने कापलेली बोटं वेगळीच.

आता रस्ता सांगतो. एम.एस.नंतर राष्ट्रीय परीक्षा मंडळाची हँड अँड मायक्रो सर्जरीची दोन वर्षांची फेलोशिप आहे, तिची प्रवेश परीक्षा वेगळी. सरकारी जागेवर शिकतेय म्हणून बंधपत्राचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्षही हिशेबात धरा. तेव्हा मनाची तयारी तीन वर्षांची ठेवा. कोइम्बतूरचं गंगा हॉस्पिटल आणि चेन्नईच्या स्टॅन्ली कॉलेजमधला हाताचा विभाग यांचं या क्षेत्रात मोठं नाव आहे. जमेल तर त्यातल्या एका ठिकाणी तिने आधी चार दिवस नुसतं बघायला जावं.

या कामात ऑर्थोवालेही येतात आणि प्लास्टिक सर्जरीवालेही. तिचा हाडाचा पाया पक्का होतोच आहे. कातडी-मांस उचलून दुसरीकडे बसवणं आणि रक्तवाहिनी जोडणं मात्र तिला नव्याने शिकावं लागेल. तिथला धागा केसाहूनही बारीक असतो, तो सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास ओवायचा. हातोडी-ड्रिल नाही म्हणून मुलीला सोपं जाईल, असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. मान-पाठ धरते आणि रात्री-अपरात्री उठावं लागतं. तुटून वेगळं झालेलं बोट सकाळपर्यंत वाट पाहत नाही. (ही गोष्ट गावातही सांगून ठेवा: तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बांधायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात टाकलं की वाया जातं.)

पैशाचं खरं सांगतो. गुडघ्याचा पेशंट तारीख ठरवून, पैशाची सोय करून येतो. हाताचा पेशंट बहुतेक वेळा मजूर असतो, रक्ताळलेल्या गमछ्यात हात धरून येतो. सुरुवातीची वर्षं तिला फ्रॅक्चरचं नेहमीचं काम करतच हाताचं काम वाढवावं लागेल. जळगाव-भुसावळसारख्या ठिकाणी ते जमण्यासारखं आहे. पण सोबत हाताचे व्यायाम करून घेणारा चांगला थेरपिस्ट हवाच. टेंडन शिवल्यावर कित्येक आठवडे पट्टी आणि बेताची हालचाल लागते. पेशंट दहाव्या दिवशी पट्टी सोडून खुरपं धरतो आणि शिवलेली दोरी तुटते. फेलोशिप करतानाच तिने हे कामही थेरपिस्टच्या शेजारी बसून शिकून घ्यावं.

माझा कौल तिच्या बाजूने आहे. फक्त तुमच्या पत्रात तिचं स्वतःचं एक वाक्यही नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या. रात्री दोनला कुट्टीत सापडलेला हात कॅज्युअल्टीत येतो तेव्हा ती पुढे सरकते की सिनियरची वाट पाहते, एवढं तिने मला कळवावं.