तिन्ही करायचंय? मग आधी नेट काढ

तुझं लांबलचक पत्र वाचलं. बातमीदारी, मास्तरकी आणि चौंडकं या तंतुवाद्यावर म्हणायची यल्लमाची पदं, तिन्ही करायचंय म्हणतोस. कर, पण आधी पोटाचं बघ. एम. ए. ला 55 टक्के आणि नेट, म्हणजे कॉलेजात शिकवायची देशभर चालणारी पात्रता परीक्षा, एवढं पदरात पाड. महाराष्ट्राच्या सेटच्या, म्हणजे राज्याच्या तसल्याच परीक्षेच्या, नादाला लागू नकोस, ती महाराष्ट्र-गोव्यापुरतीच. नेट बेळगावातही चालते, कोल्हापुरातही. आणि कन्नड वाचायला शीक. बातमीदार असताना मी एक सरकारी कन्नड कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला, खानापूर तालुक्यातलं गावच चुकलं. दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला. अजून लाज वाटते.

गाण्याची मात्र घाई नको. मार्गशीर्ष नाहीतर माघ पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लमाच्या यात्रेला जा, तिची पदं गाणाऱ्या जोगत्यांच्या मागं बस. चौंडकं नीट बघ: पोकळ लाकडी नळकांडं, एका तोंडाला कातडं, त्यातून निघालेली तार. नळकांडं बगलेत दाबायचं, एका हातानं तार ताणायची, दुसऱ्या हातातल्या काडीनं छेडायची. ताण बदलला की सूर बदलतो, म्हणून ते बोलल्यासारखं वाटतं. यूट्यूब बघून हे हातात येत नाही. रेकॉर्ड करायचंच तर विचारून, आणि गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख लगेच वहीत.

पदांत मध्येच कन्नड येईल, ते शुद्ध करायला जाऊ नकोस. मी वर्गात तशीच म्हणतो. पोरं आधी हसतात, मग एखादी म्हणते, "सर, हे आमची आज्जी म्हणते." मग त्याच रविवारी गाडी काढायची आणि पानसुपारी घेऊन आज्जीकडं जायचं.