वही भरलेली, तरी थकवा नजरेतून सुटला

प्रश्न : डॉक्टर, माझी आई ७४ वर्षांची आहे. तिचं बीपी आणि साखर मी दर आठवड्याला वहीत लिहितो. आकडे ठीक आहेत. पण आठ महिन्यांनी भेटलेली मावशी दारातच म्हणाली, "ताई किती थकली रे!" रोज सोबत राहून मला ते का दिसलं नाही? आणखी काय मोजू?

उत्तर : मावशींनी मोजलंच की! त्यांच्या डोळ्यांपुढे आठ महिन्यांपूर्वीची आई होती, तुमच्यापुढे कालची. रोज कणाकणाने होणारा बदल सोबत राहणाऱ्याला दिसत नाही, म्हणून तर मोजायचं. तुमची वही वाया गेलेली नाही, पण ती आजारांची आहे. आईच्या ताकदीची नोंद तिच्यात नाही.

चालण्यापासून सुरुवात करा. जमिनीवर ४ मीटरच्या दोन खुणा करा. आईंना पहिल्या खुणेच्या थोडं मागून निघायला सांगा आणि दुसरीच्या पुढेपर्यंत जाऊ द्या. नेहमीच्या चालीने, घाई नको. मधल्या ४ मीटरचा वेळ दोनदा घ्या आणि त्यातला कमी तो लिहा. ५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंद झाली असं धरतात. पण मला त्या सीमेपेक्षा आईंचा स्वतःचा मागचा आकडा महत्त्वाचा वाटतो. ४ सेकंदांचे साडेचार झाले आणि पुढच्या खेपेलाही तसेच राहिले, तर दखल घ्याच.

माझ्या वडिलांचे जानेवारीत ४.२ सेकंद होते, एप्रिलमध्ये ४.३ आणि जुलैत ५.४. वही नसती तर "वय झालं" म्हणून मी गप्प बसले असते. डॉक्टर असूनही! आकडा पाहून त्यांची औषधं काढून बसले, तेव्हा मे महिन्यात सुरू झालेली झोपेची गोळी सापडली. त्यांच्या डॉक्टरांनी ती हळूहळू बंद केली आणि ऑक्टोबरमध्ये वेळ ४.५ वर आला.

दुसरी चाचणी खुर्चीची. हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकवा आणि स्वतः शेजारी उभे राहा. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९च्या निकषांत १२ सेकंद किंवा जास्त लागणं हे स्नायू दुबळे झाल्याचं लक्षण मानलं आहे. हाताचा आधार लागला, तर तेही लिहा.

हे दर तीन महिन्यांनी पुरे. दिवसाची तीच वेळ, तीच पादत्राणं, तीच खुर्ची. नुकताच ताप येऊन गेला असेल तर तशी नोंद करा. वजन मात्र दर महिन्याला घ्या. प्रयत्न न करता सहा महिन्यांत ६० किलोचे ५७ झाले, तर ती ५ टक्के घट आहे, डॉक्टरांना दाखवा.

स्मरणशक्तीची प्रश्नावली घरी वारंवार घेऊ नका. उत्तरं पाठ होतात, आणि आपली परीक्षा चालली आहे हे माणसाला फार लागतं. त्यापेक्षा आईंनी कोणती कामं सोडली ते पाहा: हिशेब, औषधांच्या वेळा, एकटीने बाहेर जाणं.

दोन-चार दिवसांत अचानक गोंधळल्या किंवा उठताच येईना, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि पहिला आकडा आईंनाच लिहू द्या. वही त्यांची आहे.