गोळ्या बंद केल्या आणि आवाज परत आले

प्रश्न : माझा मुलगा २१ वर्षांचा असून नाशिकला अभियांत्रिकी शिकतो. गेल्या वर्षी तो रात्ररात्र जागू लागला, एकटाच पुटपुटू लागला, आणि शेजारचे लोक मोबाईलमधून आपले बोलणे ऐकतात असे म्हणून त्याने फोन पाण्याच्या पिंपात बुडवला. नातेवाइकांच्या सांगण्यावरून आम्ही त्र्यंबकेश्वरला शांती केली व नंतर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी सायकोसिसचे निदान करून रिस्पेरिडोनच्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांत तो सुधारला म्हणून आम्ही गोळ्या बंद केल्या. आता पुन्हा कानात आवाज येतात म्हणतो. गोळी घेत नाही, म्हणून त्याची आई ती वरणात कालवून देते. वसतिगृहात तो गांजा ओढत असे, आणि त्याच्या मामांनाही असाच त्रास होता. नेमके कारण कोणते? गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील का? लग्न करून दिल्यास सुधारेल, असे घरचे म्हणतात.
– एक पालक, सिन्नर

उत्तर : ताप जसा हिवतापानेही येतो आणि टायफॉइडनेही, तसा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचे भान सुटून भास होणे आणि खोटे संशय पक्के वाटणे, अनेक आजारांत दिसतो. स्किझोफ्रेनिया (भास आणि संशय दीर्घकाळ राहणारा आजार), बायपोलर आजार (उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणारा) आणि तीव्र नैराश्य ही त्याची नेहमीची कारणे. परंतु थायरॉइडचे विकार, फिट्स, मेंदूची सूज, स्टिरॉइडसारखी औषधे, किंवा रोजची दारू एकाएकी सोडणे यांमुळेही माणसाला भास होतात. म्हणून पहिल्या झटक्याच्या वेळी रक्ताच्या आणि गरजेनुसार मेंदूच्या तपासण्या करतात. त्या निर्दोष आल्या म्हणजे आजारच नाही, असा अर्थ मात्र कृपया काढू नये, कारण स्किझोफ्रेनियाचे निदान आजही रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलूनच होते.

तुम्ही लिहिलेल्या दोन्ही गोष्टींचा, म्हणजे गांजाचा आणि मामांच्या आजाराचा, वाटा असू शकतो. स्किझोफ्रेनिया साधारणपणे शंभरात एकाला होतो. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला तो असेल, तर हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जाते. मामाचे नाते त्याहून दूरचे, त्यामुळे तेथून येणारा धोका आणखी कमी. गांजा ओढणाऱ्या प्रत्येकाला सायकोसिस होत नाही, परंतु कोवळ्या वयात आणि रोज ओढणाऱ्यांत, त्यातही घराण्यात आजार असल्यास, त्याची शक्यता निश्चित वाढते. तो अजूनही ओढतो का, हे तुम्ही रागावून विचारू नका. डॉक्टरांना एकांतात विचारू द्या. परीक्षेचा ताण आणि जागरण यांनी आजार उफाळतो. संगोपनातल्या उणिवेमुळे तो होत नाही, हे त्याच्या आईलाही सांगा.

कारण पूर्ण उलगडेपर्यंत उपचार थांबवण्याची गरज नसते, उलट ते लांबले तर गुण उशिरा येतो. शांती केली यात मला वावगे वाटत नाही, फक्त गोळीची वेळ पूजेला देऊ नये.

या आजारात मेंदूतील डोपामिन या रसायनाचे काम बिघडते आणि बहुतेक औषधे त्याचा अतिरेक रोखतात. अशा औषधांतील पहिले, क्लोरप्रोमाझिन, १९५२ मध्ये पॅरिसच्या रुग्णालयात वापरात आले. (त्याआधी १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर सर्पगंधेचा उपयोग नोंदवला होता, आज मात्र त्यासाठी ती वापरत नाहीत, तेव्हा घरगुती प्रयोग नकोत.) गोळ्यांनी झोप आणि चिडचिड काही दिवसांत सुधारते, आवाज आणि संशय ओसरायला काही आठवडे लागतात.

वरणातली गोळी आधी बंद करा. ज्याला शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे वाटते, त्याला आईच्या हातच्या जेवणात औषध सापडले तर त्याचा संशय खराच ठरतो. शिवाय अर्धे ताट उरले की मात्राही अर्धीच जाते. तो गोळी का टाळतो, हे शांतपणे जाणून घ्या. रिस्पेरिडोनने अंग आखडते, बसल्या जागी चुळबुळ होते, आणि तरुणांत लैंगिक तक्रारीही उद्भवतात, ज्या मुलगा वडिलांना कधीच सांगणार नाही. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, औषध बदलू शकतात, किंवा दोन ते चार आठवड्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन सुचवू शकतात. ओलान्झापिन हे दुसरे औषध दिल्यास वजन आणि साखर नियमित तपासावी. दोन औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे देऊनही गुण आला नाही, तर क्लोझापिन उपयोगी पडते. त्यासाठी पांढऱ्या पेशींची तपासणी ठरल्या वेळी करावीच लागते.

पहिल्या झटक्यानंतर बरे वाटू लागले, तरी किमान एक ते दोन वर्षे औषध चालू ठेवतात. आजार उलटल्यावर हा काळ आणखी वाढतो. जन्मभराचा निर्णय आज घेण्याचे कारण नाही. पुढे औषध थांबवायचे झाल्यास ते डॉक्टरांनी हळूहळू कमी करावे. लग्न हा यावर उपचार नाही. तो स्थिरावल्यावर, मुलीला सर्व सांगूनच त्याचा विचार व्हावा.

जुन्या चिठ्ठ्या घेऊन पूर्वीच्याच डॉक्टरांकडे जा, किंवा नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. तो स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवावर उठला, तर फोन करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. त्याची तयारी नसली तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार त्याला भरती करता येते.

प्रश्न : ६८ वर्षांच्या आईचे खुब्याचे ऑपरेशन झाले. तिसऱ्या रात्रीपासून तिला खोलीत लहान मुले दिसतात आणि ती आम्हाला ओळखत नाही. सकाळी पुष्कळ बरी असते. तिला वेड लागले आहे का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : एकाएकी सुरू झालेला आणि दिवसरात्रीत कमीजास्त होणारा असा गोंधळ बहुधा शारीरिक कारणाने होतो. रक्तातील सोडियम उतरणे, जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे, वेदना किंवा एखादे नवे औषध यांपैकी काहीही असू शकते आणि मूळ कारण दूर झाले की बहुतेकदा गोंधळ ओसरतो. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना आजच कळवा. चष्मा आणि श्रवणयंत्र जवळ द्या, रात्री मंद दिवा ठेवा, घरचे ओळखीचे माणूस शेजारी बसवा, आणि दुकानातून झोपेची गोळी आणून देऊ नका, तिने गोंधळ वाढतो.