औषध तेच, मग मावशीची गाठ परत का आली?

खानापूरहून तू विचारलंयस की मावशीची कॅन्सरची गाठ पहिल्या केमोनं जवळजवळ गेली, पण दीड वर्षानं परत आली आणि आता तेच औषध लागू पडत नाही. फिजिक्स शिकणाऱ्या मुलानं यात करण्यासारखं काय आहे? मी डॉक्टर नाही. बेळगावात तीस वर्षं फिजिक्स शिकवलं आणि घरातल्या एका आजारपणानंतर कॅन्सरचा विषय सोडला नाही.

आधी कडोलीच्या रानातलं सांगते. आप्पा कोबी करायचे. पानाला हात लागला की बारीक हिरवी अळी धागा सोडून लोंबकळायची. पहिल्या साली औषध मारलं की सगळं साफ. चौथ्या साली तेच औषध दुप्पट मारलं तरी पानांची चाळण. आप्पा म्हणायचे, औषधात भेसळ आहे. भेसळ नव्हती. ज्या थोड्या अळ्या मुळातच त्या औषधाला दाद देत नव्हत्या, त्यांना आम्हीच रान मोकळं करून दिलं होतं.

'मुळातच' हे सिद्ध करणाऱ्यांत एक फिजिक्सवाला होता, माक्स डेलब्रुक. १९४३ साली त्यानं आणि साल्वादोर लुरियानं वेगवेगळ्या नळ्यांत जिवाणू वाढवले आणि प्रत्येक नळीतले जिवाणू, जिवाणूंना मारणारे विषाणू पसरलेल्या एकेका ताटलीवर ओतले. विषाणू भेटल्यावर प्रतिकार येत असता, तर वाचलेल्यांचा आकडा सगळीकडे साधारण सारखा आला असता. प्रत्यक्षात कित्येक ताटल्यांत शून्य आणि एकीत १०७! म्हणजे बदल आधीच झालेला, कुठे लवकर, कुठे उशिरा; लवकर झाला तिथे वाचलेले जास्त. नुसते चढउतार मोजून हे कळलं. एक घन सेंटीमीटर गाठीत दहा कोटी ते शंभर कोटी पेशी असतात. त्यात औषधाआधीच काही चिवट निघणं नवल नाही. मावशीला सांग, पथ्य चुकलं म्हणून हे झालेलं नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ साली दाखवलं की गाठीत रक्तापासून ऑक्सिजन साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरच आत पोहोचतो. (हा ग्रे फिजिक्सचाच, रेडिएशनच्या डोसचं एकक त्याच्या नावाचं.) औषधाचीही तीच गत. विसरणानं (कण आपोआप पसरत जाण्यानं) दुप्पट अंतर जायला चौपट वेळ लागतो, त्यात गाठीतल्या द्रवाचा दाब औषधाला आत शिरू देत नाही. आतल्या पेशींना अर्धवट डोस मिळतो. कोबीच्या गड्ड्यात फवारा शिरत नाही, तसंच.

कॅन्सरवर संशोधन करणारे डॉक्टर रॉबर्ट गेटनबी यांनी २००९ साली कॅन्सरबद्दल लिहिताना हीच कोबीची कीड पुढे ठेवली. त्यांच्या गटानं प्रोस्टेट कॅन्सरच्या काही रुग्णांत पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणारं प्रथिन, त्यावरून आजाराचा अंदाज येतो) निम्म्यावर आला की औषध थांबवलं, मूळ पातळीवर गेला की पुन्हा सुरू केलं. औषधानं मरणाऱ्या पेशी थोड्या शिल्लक राहिल्या की त्या चिवट पेशींना डोकं वर काढू देत नाहीत. मला ही वाट खरी वाटते, पण चाचण्या अजून लहान आहेत. मावशीचं औषध डॉक्टरांना न विचारता एक दिवसही कमी करू नका.

आता तुझं काम. एक गोल गाठ धर, रक्तवाहिन्या फक्त बाहेर, आत सगळ्या पेशी सारख्याच दरानं ऑक्सिजन खातात. केंद्रात ऑक्सिजन शून्य होईल ती त्रिज्या काढ आणि इथेच टाक. मी तपासते.