पोकरच्या स्पर्धेत चिप्स कमी उरल्यावर गुलामांची जोडी किंवा एक्का-राणी आली, तर कसं खेळावं?

तुमचा डाव आधी इथे मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ब्लाइंड (दोघांनी आळीपाळीनं आधीच घालायची सक्तीची रक्कम, लहान आणि बिग) ५००-१०००, वर बिग ब्लाइंडवाल्यानंच भरायची १००० ची अँटी, तुमच्यापुढे ११,००० चिप्स. गुलामांची जोडी आली, तुम्ही वाढवून ३००० केले. बटणवाला (वाटणाऱ्याच्या जागेवरचा) तेवढेच घालून आला, बिग ब्लाइंडवालाही आला. फ्लॉपवर, म्हणजे मधे उघडणाऱ्या पाच सामाईक पत्त्यांतल्या पहिल्या तिनांत, राजा पडला आणि तुम्ही पत्ते टाकले. ‘हे पत्ते मला कायम बुडवतात, टाकूनच द्यावेत का?’ असं तुम्ही विचारलंय.

पत्त्यांना बोल लावू नका, घोळ त्या ३००० मध्ये आहे.

मी काही मोठा खेळाडू नाही. जुळे सोलापुरात मित्राच्या गच्चीवर आमचा नऊ जणांचा अड्डा आहे. उन्हाळ्यात दिवसा घराबाहेर पडवत नाही, त्यामुळे रात्री दहानंतर बसतो. पैसे लावत नाही. पहिल्याला चादर, दुसऱ्या-तिसऱ्याला टॉवेल, आणि जो सगळ्यात आधी बाहेर पडेल त्याने पुढच्या वेळी सगळ्यांसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणायची. (पैसे लावून ऑनलाइन खेळायचा विषय तर केंद्राच्या २०२५ च्या कायद्यानं तसाही मिटलाय.) आम्ही सगळे मेंढीकोट आणि रमीत वाढलेले. चांगलं पान दाबून ठेवायचं, अंदाज घ्यायचा, मग काढायचं, ही सवय हाडात मुरलेली. तीच सवय इथे नडते. तुमचा डाव वाचताना मला माझीच पहिली दोन वर्षं आठवली.

हिशेब बघा. तुमच्याकडे गुलाम असताना फ्लॉपच्या तीन पत्त्यांत राणी, राजा किंवा एक्का यांपैकी किमान एक पडण्याची शक्यता ५७ टक्के आहे. तिसरा गुलाम लागायची शक्यता जेमतेम १२ टक्के. म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळा फ्लॉप बघून तुमच्या पोटात गोळा येणारच. समोर दोघे असले की आणखी मोठा. तुम्ही ३००० घातल्यावर मधे १०,५०० जमले आणि तुमच्यापुढे उरले ८०००. आता टाकावं तर पावपटीहून जास्त ढीग गेला, लावावं तर राजा समोर बसलाय. या पेचात तुम्ही स्वतःच चालत गेलात.

त्याऐवजी सगळे ११,००० एकदम पुढे सरकवा, म्हणजे ऑल-इन. सगळ्यांनी टाकलं तर ब्लाइंड आणि अँटी मिळून २५०० हातात, म्हणजे एका डावात ढीग जवळपास २३ टक्क्यांनी वाढला. कुणी आलंच तर पाचही पत्ते उघडणार आणि मधे तुम्हाला घाबरवून कुणी उठवू शकणार नाही. शिवाय ३००० ला ‘बघू तरी’ म्हणून आलेला राजा-नऊवाला ११,००० ला बहुधा येतच नाही. आणि तुम्हाला बाहेर काढणारे असे पत्तेच जास्त असतात.

‘पण कुणाकडे राण्या, राजे, एक्के असले तर?’ असतील की. तुम्ही गुलाम धरलेत तेव्हा एका माणसाकडे यांपैकी मोठी जोडी असण्याची शक्यता दीड टक्का. मागे आठही जण बाकी असले तरी सगळे मिळून साधारण ११ टक्के. त्या भीतीने उरलेले ८९ टक्के सोडायचे का?

एक्का-राजाचं गणित वेगळं, उत्तर मात्र तेच. नुसता फ्लॉप बघितला तर एक्का किंवा राजा तीनात एकदाच लागतो. पाचही पत्ते बघितले तर जवळपास ४९ टक्के. म्हणजे या पत्त्यांची किंमत शेवटपर्यंत बसून राहण्यात आहे, आणि चिप्स कमी असताना त्याची खात्री फक्त ऑल-इन देतो. वर एक एक्का आणि एक राजा तुमच्याच हातात असल्यामुळे समोर एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार सहावरून तीनवर येतात, राजांच्या जोडीचेही तसेच. राण्या किंवा त्याखालची जोडी असेल तर तुम्ही थोडेच मागे, साधारण ४३ ते ५० टक्के.

खरी अवघड मला एक्का-राणी वाटते. तिथे आधी कोण बोललं यावर सगळं अवलंबून आहे. तुमच्याआधी सगळ्यांनी टाकलंय आणि तुमच्याकडे दहा-बारा ब्लाइंड (म्हणजे बिग ब्लाइंडच्या तितक्या पट चिप्स) आहेत? लावा. पण पहिल्याच जागेवरून, तासभर एकही डाव न खेळलेल्या माणसानं ऑल-इन केलंय? तर मी टाकतो. आमच्या अड्ड्यात असा एक जण आहे. तो ऑल-इन म्हणाला की समोर एक्का-राजा नाहीतर मोठी जोडी, आणि एक्का-राजापुढे एक्का-राणी चारात एकदाच जिंकते. तो पत्ते टाकणार नाही हे नक्की, मग माझ्या धमकीला किंमत उरली कुठे? पहिल्यांदा मी असे टाकून दाखवले तेव्हा शेजारचा म्हणाला, “काय बे, राणी टाकतोय?” टाकतोय.

१८-२० ब्लाइंड असतील तर थोडी जागा असते. कुणी बटणावरून सवयीनं वाढवलं की त्याच्यावर सगळे लावायचे. इथे गुलाम, दहाची जोडी, एक्का-राणी सगळं चालतं, कारण त्याला टाकायला वाव आहे आणि मधे आता त्याच्याही चिप्स पडल्यात. पाच-सहा ब्लाइंडवर येईपर्यंत थांबलात तर मात्र तुमच्या ऑल-इनला कुणी भीक घालत नाही. तुमच्या डावातल्या दरानं नऊ जणांच्या एका फेरीत २५०० जातात, म्हणजे ११,००० जेमतेम चार फेऱ्या पुरतात.

याला एक अपवाद आहे. आम्ही चौघे उरतो तेव्हा चौथ्याला काहीच मिळत नाही. अशा वेळी समोरच्यानं ऑल-इन केलं आणि कोपऱ्यात एक जण दोन ब्लाइंडवर तग धरून बसला असेल, तर मी एक्का-राणीच काय, दहाची जोडीही टाकलीय. दुप्पट चिप्सनी दोन टॉवेल मिळत नाहीत, हरलो तर होता तोही जातो.

अजून एक, हे ठरलेल्या मंडळींत खेळणाऱ्यांसाठी. मी बरेच दिवस गुलाम आले की सगळे लावायचो आणि एक्के आले की गोडीत बिग ब्लाइंडच्या दुप्पटच करायचो. तीन आठवड्यांत सगळ्यांना कळलं. मी दुप्पट केले की गच्चीवर एकदम शांतता. आता बारा ब्लाइंडच्या खाली आलो की एक्केही तसेच सरकवतो.

मागच्या शनिवारी चौघे उरले होते. दहा ब्लाइंडवर गुलाम आले, आधी सगळ्यांनी टाकलं होतं, मी सगळे लावले. मोठा ढीग असलेला एक जण एक्का-पंजा घेऊन आला. शंभरातले सत्तर डाव माझे. शेवटचा पत्ता किलवरचा एक्का. टॉवेलही गेला.