कानात सतत आवाज येत असेल तर पुन्हा कधी शांतता अनुभवता येते का?

दोन महिन्यांपासून कानात शिट्टी वाजतेय, आता शांतता कायमची गेली का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या कानात ११ वर्षं वाजतेय, म्हणून लिहितो.

इचलकरंजीत यंत्रमागावर २२ वर्षं काढली. एका रात्रपाळीला लाईट गेली, सगळे माग एकदम थांबले. तरी कुठलीतरी मोटार बारीक गुणगुणत होती. बॅटरी घेऊन एकेका मागाला कान लावत फिरलो. मागांची देखभाल करणारा जॉबर म्हणाला, "काय शोधतायसा?" त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

कानाच्या तपासणीत ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक, उंच आवाजांपाशी, ऐकू येण्याचा आलेख खड्ड्यात गेलेला. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी गोंगाटाने मरतात, त्या परत येत नाहीत. तिथून येणारा आवाज तुटला की मेंदूच ती जागा भरून काढतो, असं डॉक्टरांनी समजावलं.

मग मी शांतता शोधत आजऱ्याकडे मामाच्या गावी गेलो. दार लावलं, पंखा बंद, कानात कापूस. आयुष्यात सगळ्यात मोठी ती शिट्टी तिथं वाजली. अंथरुणात बसून रडलो. ही चूक तुम्ही करू नका. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी चांगल्या कानांच्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं होतं. त्यातल्या ९४ टक्के लोकांना कानात काही ना काही ऐकू आलं. मी जी शांतता मागत होतो, ती धडधाकट माणसालाही मिळत नाही.

आता रात्री पंखा चालू ठेवतो. दिवसा श्रवणयंत्र लावतो. बाहेरचं नीट ऐकू यायला लागलं तशी शिट्टी मागे सरली. परवा त्याच गावी होतो. रात्रभर कौलांवर पाऊस. पहाटे पाऊस थांबला, पागोळ्या टपकत होत्या, आणि तेव्हा कुठे ध्यानात आलं की कित्येक तास शिट्टीची आठवणच झाली नव्हती. वाजत असणारच ती. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' आहे ते त्या रात्रीमुळे.

एक मात्र ऐका. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून घ्या. ऐकू येणं अचानक कमी झालं असेल तर आजच जा, त्यात दिवस गेले की उपचार हाती लागत नाहीत.