भाड्याच्या रूमवर राहतोस म्हणून मतदार होता येत नाही असं कुणी सांगितलं?

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. नोकरीला लागलास, शहरात बस्तान बसलं, हे वाचून बरं वाटलं. पण मतदार यादीचं विचारलं तर तू लिहितोस की सर, मी कुठे इथला, रूमवर राहतो, मत गावाकडेच राहू दे. बीएलओच्या (मतदार यादीसाठी घरोघरी जाणारा केंद्रस्तरीय अधिकारी) ड्युटीवर दारोदार फिरताना हे उत्तर इतक्यांकडून ऐकलंय की आता त्याचं काही वाटत नाही, पण तू म्हणालास म्हणून जरा नीट लिहितो, लांबलं तर सांभाळून घे.

इथला कोण आणि बाहेरचा कोण हे घरमालक ठरवत नाही, सोसायटीचा सेक्रेटरी तर नाहीच नाही. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे, त्यातलं कलम १९ दोनच गोष्टी मागतं, वय १८ पूर्ण आणि त्या मतदारसंघात तू सामान्यपणे राहत असायला हवंस (नागरिकत्व तर हवंच, ते वेगळ्या कलमात आहे). आणि पुढचंच कलम २० सुरुवातीलाच म्हणतं की एखाद्या ठिकाणी नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे ज्याचा फ्लॅट आहे पण जो स्वतः दुसऱ्या शहरात राहतो त्याला त्या फ्लॅटच्या जोरावर तिथे नाव लावता येत नाही, आणि तू त्याच फ्लॅटमध्ये चार पोरांबरोबर कॉटबेसिसवर राहत असलास तरी तुझं लागतं. गंमत आहे की नाही?

याच्याही पुढचं सांगतो. जे फुटपाथवर किंवा पुलाखाली झोपतात त्यांचीसुद्धा नोंदणी होते. ते पत्त्याचा पुरावा कुठून आणणार, म्हणून निवडणूक आयोगाची सूचना अशी आहे की बीएलओने रात्री तिथे जाऊन बघायचं, तेही एकापेक्षा जास्त रात्री, की हा माणूस खरंच इथे झोपतो का. झोपतो हे दिसलं की कागद मागायचा नाही. आता सांग, तू तर डिपॉझिट भरून राहतोयस, तुला कसला संकोच.

आता गावाकडचं नाव काढावं का. हे मात्र नीट विचार करून ठरव, मी सांगतो म्हणून करू नको. थोड्या दिवसांसाठी बाहेर गेलं म्हणून गावचं रहिवासीपण जात नाही, हेही त्याच कलम २० मध्ये आहे, आणि होस्टेलवर शिकणाऱ्या पोरांना तर घरचा पत्ता की होस्टेलचा हे निवडता येतं (कोर्स मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा, कॉलेजचं बोनाफाईड जोडायचं). पण तू ट्रेनिंगला गेलेला नाहीस, तुझी नोकरी इथे आहे, नळाला पाणी कमी आलं की बादल्या तू भरतोस, बस चुकली की तू लटकतोस, आणि गावी जातोस सणासुदीला. मतदानाला जाईन म्हणणाऱ्यांचं काय होतं तेही मी बघितलंय, पगारी सुट्टी कायद्याने मिळते खरी, पण ती मतदानाच्या दिवसाची, येण्याजाण्याच्या प्रवासाची नाही.

घरचे घाबरवतील की नाव काढलंस तर जमिनीचं काय, रेशनचं काय. काही होत नाही. सातबाऱ्याचा आणि मतदार यादीचा संबंध नाही, रेशनकार्डाचाही नाही. एक गोष्ट मात्र खरी जाते, ती लपवत नाही. ग्रामसभा म्हणजे गावच्या यादीतले मतदार, त्यामुळे नाव गेलं की ग्रामसभेत मत मांडायचा हक्क गेला आणि ग्रामपंचायतीला उभं राहायचं दारही बंद. तुझा पुढेमागे गावात परत जाऊन काही करायचा विचार असेल तर हे आधी तोलून बघ. नसेल तर माझं स्पष्ट मत, इकडे ये.

दोन्हीकडे नाव राहू दे, कोण बघतंय, असा सल्ला देणारेही भेटतील. ऐकू नको. कायद्याने एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी, आणि फॉर्मवर खोटं लिहून सही केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हौसेने असलं झंझट कशाला लावून घेतोस.

म्हणून फॉर्म बरोबर निवड. तुझं नाव गावी आधीच आहे म्हणजे तुला फॉर्म ८ लागतो, पत्ता बदलल्याचा. फॉर्म ६ हा पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांचा, त्यात माझं नाव कुठल्याच यादीत नाही असं लिहून द्यावं लागतं. लोक हमखास सहा भरतात कारण ऑगस्ट २०२२ च्या आधी मतदारसंघ बदलला की सहाच भरायचा आणि जुन्या माणसांच्या डोक्यात तेच बसलंय. आयोगाच्या पोर्टलवर किंवा ॲपवर भरता येतो, पैसे लागत नाहीत.

पुराव्याला आधार, बँकेचं पासबुक, लाईट नाहीतर गॅसचं बिल, पासपोर्ट यातलं काहीही चालतं, पण त्यावर इथला पत्ता हवा. भाडेकराराचं म्हणशील तर रजिस्टर केलेला धरतात, नुसत्या नोटरीवर विसंबू नको. मला विचारशील तर बँकेत जाऊन पासबुकावरचा पत्ता बदलून घे, सगळ्यात कमी कटकट. घरमालक कुरकुरला तर त्याला शांतपणे सांग की यादीत नाव लागल्याने कुणी घराचा मालक होत नाही.

आणि हे आत्ता कर. निवडणूक जाहीर झाली की सगळे जागे होतात, पण उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादीत नवं नाव घेता येत नाही, आणि त्याआधी हरकतींसाठी आठवडाभर ठेवावा लागतो, म्हणजे तुझ्या हातात वाटतात त्याहून कमी दिवस असतात. महापालिकेचं तर आणखी वेगळं, राज्य निवडणूक आयोग स्वतः नावं घेत नाही, विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेला उचलतो आणि प्रभागवार फोडतो. त्या तारखेला तू गावच्या यादीत असशील तर इथल्या नगरसेवकाला तुझं मत मिळणार नाही, मग खिशात कार्ड असो की नसो.

तुझ्या बहिणीला पण सांग, १७ पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो, १८ पूर्ण झाली का हे बघायला आता वर्षात चार तारखा धरतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची १ तारीख. पूर्वी फक्त जानेवारीचीच होती.

फॉर्म भरल्यावर रेफरन्स नंबर येतो, तो जपून ठेव. मग बीएलओ घरी येईल किंवा फोन करेल. बहुतेक एखादी शिक्षिका नाहीतर अंगणवाडीताई असेल, स्वतःच्या फोनवरून करेल, तेव्हा अनोळखी नंबर म्हणून कट करू नको.

तुझे सर